आ करा, उत्तर सांगा

दातांच्या डॉक्टरांकडून बाहेर पडलेला माणूस साधारणपणे किती दुखलं ते सांगतो. आपल्या या डॉक्टरांकडून बाहेर पडलेला माणूस मात्र जिना उतरता उतरताच सांगू लागायचा, की शुक्रावरचा एक दिवस तिथल्या एका वर्षापेक्षा मोठा असतो. ओठ बधिर, गाल टम्म, एका बाजूने पाणी गळतंय, पण शुक्राचं सांगितल्याशिवाय स्वारी घरी जायची नाही.

दवाखाना वह्या-पुस्तकांच्या दुकानावर पहिल्या मजल्यावर होता आणि डॉक्टरांनी तो अठ्ठावीस वर्षं चालवला होता. हात हलका, स्वभाव गोड, फी माफक. खोड एकच. पेशंटच्या तोंडात कापसाचे दोन बोळे, एक आरसा, थुंकी ओढणारी नळी आणि स्वतःची दोन बोटं एवढा ऐवज जमला, की डॉक्टर सामान्यज्ञानाचा प्रश्न विचारत.

कुठला प्रश्न कधी, याचंही त्यांनी शास्त्र बसवलं होतं. दात साफ करायचे असले तर अंतराळ, कारण माणूस आडवा पडून वरच बघत असतो. दाढ भरायची तर विज्ञान: ऑक्टोपसला हृदयं किती, शरीरातला सगळ्यात टणक पदार्थ कुठला. रूट कॅनल असलं तर इतिहास, कारण दोन्ही लवकर संपत नाहीत. आणि दात काढायचा असला, की शब्दांची कोडी. "उलटसुलट सारखाच वाचता येणारा पाच अक्षरी शब्द कोणता?" असं विचारायचं, पेशंट मनातल्या मनात अक्षरं जुळवू लागला की चिमटा लावायचा आणि दात बशीत टणकन पडला की शांतपणे सांगायचं, "नवजीवन."

प्रश्न विचारल्यावर डॉक्टर थोडं थांबत. हे थांबणं त्यांना फार आवडायचं. पेशंट घशातून काहीतरी आवाज काढे. "जवळ आलात," असं म्हणून डॉक्टर उत्तर सांगत, मग त्या उत्तराच्या आगेमागे जे काही असेल तेही सांगत. ज्ञानाचा साठा हातमोज्यांच्या खालच्या खणात होता. कॉलेजात असताना घेतलेले सामान्यज्ञानाचे तीन जाडजूड खंड, खाकी कव्हर घातलेले, जेवणाच्या सुट्टीत रोज दोन पानं वाचायचे.

आता खरं सांगायचं तर डॉक्टरांचं ऐकून घेणारं माणूस जगात दुसरीकडे कुठेच नव्हतं. बायको बालवाडीत शिकवायची. दिवसभर चाळीस पोरांची 'का' आणि 'कसं' झेलून घरी आलेल्या बाईला नवऱ्याने जगातलं सगळ्यात छोटं युद्ध किती मिनिटं चाललं हे विचारलं, तर ती काय करणार? ती भांडी घासायला जायची. मुलगी दहा वर्षांची झाली तेव्हापासून "बाबा, नको ना," म्हणत आली होती. मित्र लांबूनच हात करून वळायचे. राहता राहिली ती दवाखान्यातली खुर्ची. तिथून कुणी उठून जायचं नाही, आणि डॉक्टर बिचारे त्याला गोडी समजायचे. सकाळी दवाखान्याचा जिना ते तिशीतल्या पोरासारखे चढायचे ते केवळ त्या खुर्चीपायी.

हे सगळं असंच चालू राहिलं असतं, पण मुलगी दातांची डॉक्टर होऊन आली आणि शेजारच्या खोलीत दुसरी खुर्ची लागली. मुलगी हुशार, शिस्तीची आणि नव्या पद्धतीची. आल्या आल्या तिने दोन सुधारणा केल्या. पेशंटने दुखलं की डावा हात वर करायचा, ही पहिली. वास्तविक ती डॉक्टरांकडे आधीपासून होती, फक्त तिने पाटी लावली. दुसरी सुधारणा म्हणजे चिठ्ठी. जाताना प्रत्येकाने एक छापील चिठ्ठी भरायची: दुखलं का, किती वेळ थांबावं लागलं, आणखी काही सांगायचं आहे का. चिठ्ठ्या टाकायला बाहेर सिस्टरच्या टेबलावर पुठ्ठ्याची पेटी ठेवली. सिस्टर म्हणजे बावीस वर्षांपासूनच्या मदतनीस बाई. नर्सचं शिक्षण त्यांनी घेतलं नव्हतं, पण त्यांना दुसरं काही म्हणायची कुणाची छाती नव्हती.

महिनाअखेरीला शनिवारी दुपारी पेटी उघडली. मुलगी, सिस्टर आणि डॉक्टर चहाचे कप घेऊन बसले. डॉक्टर खुशीत होते. आपलं कौतुक वाचायला कुणाला आवडत नाही?

मुलीने पहिली चिठ्ठी वाचली. दुखलं का: नाही. आणखी काही: चंद्रावरून चीनची भिंत दिसत नाही.

"हे काय?" डॉक्टर म्हणाले. मुलीने दुसरी घेतली. दाढ उत्तम बसली आहे, आभारी आहे, प्लूटोला ग्रहांच्या यादीतून काढून बरीच वर्षं झाली, डॉक्टरांना कुणी कळवलं नाही का? तिसरीवर गुरूचे चंद्र किती हे लिहून खाली म्हटलं होतं, की आकडा वाढत असतो, कृपया दरवर्षी तपासावा. चौथी एका चहा चाखणाऱ्याची होती. चहाच्या कंपनीत एकतीस वर्षं तो घोट घेऊन प्रत ठरवत आला होता. त्याने अत्यंत नम्रपणे लिहिलं होतं, की गोड फक्त जिभेच्या टोकाला आणि कडू फक्त मागच्या बाजूला कळतं असं डॉक्टर म्हणाले ते चूक आहे, सगळ्या जिभेला सगळं कळतं, पटत नसेल तर कधीही चाखायला यावं.

एकेचाळीस चिठ्ठ्या होत्या. त्यातल्या एकोणतीस चिठ्ठ्यांत दातांबद्दल चकार शब्द नव्हता. एका निवृत्त मुख्याध्यापिकाबाईंनी तर दोन्ही बाजूंनी लिहून, लाल शाईने अधोरेखित करून शेवटी गुण दिले होते: दहापैकी साडेचार. एका लहान मुलीने तेवढं लिहिलं होतं, की केळं खरंच बेरी असतं, मी वर्गात सांगितलं आणि बाईंनी टाळ्या वाजवायला लावल्या. डॉक्टरांनी ती चिठ्ठी हळूच वेगळी काढून ठेवली.

मग मुलीने एक वाचली आणि ती मधेच थांबली. डॉक्टरांनी ती तिच्या हातातून घेतली. लिहिलं होतं: मी उत्तर सांगायला हात वर करतो, डॉक्टरांना वाटतं दुखतंय आणि ते आणखी एक इंजेक्शन देतात. म्हणून आता मी हात वर करत नाही.

सिस्टर खिडकीबाहेर बघू लागल्या. डॉक्टरांनी त्यांना विचारलं, हे तुम्हाला ठाऊक होतं का? सिस्टर म्हणाल्या, ठाऊक होतं. मग बोलला का नाहीत? त्यावर सिस्टर कप पुसत म्हणाल्या, "डॉक्टर, तुम्ही इतके आनंदात असायचात, की बोलवेना."

झालं. डॉक्टरांचा चेहरा खर्रकन उतरला. चूक उत्तरं दिली याचं त्यांना वाईट वाटलंच, आणि दातांच्या डॉक्टरला जीभ ठाऊक नसावी याची तर लाजच वाटली. अठ्ठावीस वर्षं ती रोज डोळ्यांसमोर होती, एकदा साखरेचा दाणा मागच्या बाजूला ठेवून बघायचं सुचू नये? पण जे खरं लागलं ते वेगळंच होतं. आपलं ऐकायला लोकांना आवडतं, असं ते धरून चालले होते, आणि लोक नुसते तोंड उघडं ठेवून सुटकेची वाट बघत होते. त्यांनी तीन खंड खणातून काढले, घरी नेले आणि माळ्यावर टाकले. सोमवारपासून त्यांनी तोंडाला कुलूप लावलं.

आणि दवाखान्याची कळा गेली. इतकी वर्षं गप्पांच्या खाली दबलेला ड्रिलचा आवाज एकदम मोठा झाला. तो बाहेर बाकावर बसलेल्यांनाही ऐकू येऊ लागला आणि त्यांच्या तोंडचं पाणी पळू लागलं. पोरं रडू लागली. एक चांगला धिप्पाड पहिलवान नुसत्या दात साफ करण्याला घेरी येऊन पडला. डॉक्टर तेवढंच बोलत: आ करा, चूळ भरा, बंद करा. काम पूर्वीसारखंच चोख होत होतं, पण जिना चढताना ते मधल्या पायरीवर दम घ्यायला थांबू लागले. घरी बायकोने दोनदा कपाळाला हात लावून पाहिला. मुलीलाही वाईट वाटत होतं. पेटी तिनेच ठेवली होती.

नवव्या दिवशी तो उंच क्रेन चालवणारा आला.

समोरच्या चौकात एक मोठी इमारत उभी राहत होती. तिच्या डोक्यावर लोखंडी मनोरा आणि त्याच्या टोकाला आडवा हात असलेली ती क्रेन. हा माणूस रोज पन्नास-साठ मीटर शिडी चढून तिच्या केबिनमध्ये बसायचा. वाऱ्याला भ्यायचा नाही, उंचीला भ्यायचा नाही. दातांच्या खुर्चीला मात्र असा भ्यायचा, की या आठ दिवसांत दोनदा पळून गेला होता. दुसऱ्यांदा तर गळ्यातला कागदी रुमाल तसाच बांधून चौक ओलांडून गेला, आणि तेव्हापासून सिस्टर त्याला पळपुटेसाहेब म्हणत. खालच्या दाढेत पू झाला होता. गोळ्यांनी सूज उतरली होती, पण आज रूट कॅनल झालं नसतं, तर दाढ काढण्यावाचून गत्यंतर नव्हतं.

मुलीने त्याला आपल्या खुर्चीत घेतलं. आपण काय करणार, किती वेळ लागणार, कुठे दुखेल, कुठे दुखणार नाही, सगळं नीट समजावलं. त्याने मान हलवली. ड्रिल सुरू होताच त्याने तोंड मिटलं. मुलीने पुन्हा समजावलं. त्याने पुन्हा मान हलवली आणि पुन्हा तोंड मिटलं, या वेळी तिच्या बोटांवर. मग त्याने चपला शोधायला सुरुवात केली.

मुलगी बोट धरून डॉक्टरांच्या खोलीत आली. "बाबा, त्याला तुम्ही बघा. आणि काहीतरी विचारा त्याला."

"काय विचारू? माझं एक उत्तर धड नाही. चिठ्ठ्या तूच वाचल्यास ना?"

"चिठ्ठ्या वाचल्या. पण त्या एकेचाळीसांतला एकही जण पळून गेला नव्हता."

डॉक्टर उठले. पळपुटेसाहेब एक चप्पल घालून दुसरी शोधत होते, कारण ती सिस्टरनी आधीच लपवली होती. डॉक्टरांनी त्यांना खांद्याला धरून बसवलं, खुर्ची मागे कलती केली आणि गाल बधिर झाला आहे ना ते पाहिलं. मग त्यांना नेहमीसारखं काहीतरी विचारायचं होतं, पण डोक्यात शोधावं तर प्रत्येक गोष्टीवर लाल शाई दिसू लागली. जगातलं सगळ्यात छोटं युद्ध, तेही खरं असेल कशावरून? त्यांनी खिडकीबाहेर पाहिलं. गेल्या वर्षी ती क्रेन समोरच्या गच्चीएवढी होती. आता इमारत वीस मजले झाली होती, आणि क्रेन तरीही तिच्या वरच होती.

डॉक्टर म्हणाले, "मला एक सांगा. इमारतीचं सामान क्रेन वर नेते. मग क्रेनला वर कोण नेतं?"

पळपुटेसाहेबांचे डोळे मोठे झाले. त्यांनी उत्तर द्यायला तोंड उघडलं, आणि डॉक्टरांनी सवयीने आरसा आत घातला.

"मला ठाऊक नाही," डॉक्टर घाईघाईने म्हणाले. "थट्टा करत नाही, खरंच ठाऊक नाही. हे संपलं की तुम्ही सांगा. तोवर नीट जुळवून ठेवा, मला यंत्रातलं काही कळत नाही, अगदी पहिल्यापासून सांगावं लागेल."

ड्रिल सुरू झालं. पळपुटेसाहेबांनी तोंड मिटलं नाही. ते छताकडे बघत होते आणि त्यांची बोटं खुर्चीच्या हातावर काहीतरी मांडत होती. मधेच कपाळाला आठी पडे आणि मग उतरे, म्हणजे एखादा अवघड भाग सोपा कसा करायचा ते सुचलं असावं. डॉक्टरांनी नसा काढल्या, मुळं साफ केली, औषध भरलं. चाळीस मिनिटं गेली. खोलीत कुणीही बोलत नव्हतं, तरी गेल्या आठ दिवसांतली ती जड शांतता नव्हती. एकदा डावा हात वर गेला. सिस्टर इंजेक्शनकडे वळल्या, तर डॉक्टर म्हणाले, थांबा, आधी त्यांना विचारू. विचारलं तर दुखत नव्हतं. पळपुटेसाहेबांनी खुणेने कागद-पेन्सिल मागितली, एक चौकोन काढला आणि पुन्हा आ केला.

शेवटचा कापूस निघाला तशी त्यांनी चूळही भरली नाही. अर्धा ओठ बधिर होता, शब्द घसरत होते, पण माणूस थांबेना. त्यांनी हातमोज्यांचे रिकामे खोके मागितले आणि एकावर एक असे चार रचले. हा मनोरा. वरच्या खोक्यावर त्यांनी टूथब्रश आडवा ठेवला. हा क्रेनचा हात, आणि इथे मी बसतो. आता या वरच्या भागाखाली बाहेरून एक लोखंडी पिंजरा असतो, तीन बाजूंनी बंद, एका बाजूने उघडा. वरचे बोल्ट सोडायचे. पिंजऱ्यातला जॅक सगळा वरचा भाग हळूहळू उचलतो. मनोरा आणि वरचा भाग यांच्यात एका खोक्याएवढी फट पडते. त्याच्या आधी क्रेनने खालून नवीन तुकडा स्वतःच उचलून आणलेला असतो, तो त्या उघड्या बाजूने आत सरकवायचा, बोल्ट आवळायचे. झाली एक पायरी उंच.

"म्हणजे स्वतःच स्वतःला वाढवते?" डॉक्टर म्हणाले. ते स्टुलावर पुढे सरकून बसले होते.

"स्वतःच. दुसरं कोण येणार तिथे?"

डॉक्टरांनी विचारलं, की बोल्ट सोडलेले असतात तेव्हा वरचा भाग पडत कसा नाही. पळपुटेसाहेबांनी टूथब्रश बोटावर तोलून दाखवला. एका बाजूला वजन, दुसऱ्या बाजूला वजन, मधे पिंजरा. त्या वेळी हात फिरवायचा नाही, काही हलवायचं नाही, वारा असला तर सुरूच करायचं नाही. मग तेवढा वेळ तुम्ही काय करता, असं डॉक्टरांनी विचारलं. गप्प बसतो, ते म्हणाले. एव्हाना बाकावरचे दोघे दारात येऊन उभे राहिले होते आणि त्यांच्यातल्या एकाने पिंजरा दिसत नाही म्हणून सिस्टरना थोडं बाजूला व्हायला सांगितलं. सिस्टर झाल्या. मुलगी भिंतीला टेकून वडिलांकडे बघत होती. अठ्ठावीस वर्षं या माणसाने प्रश्न विचारले होते, आणि उत्तर ऐकताना त्याचा चेहरा कसा दिसतो ते तिने आज पहिल्यांदा पाहिलं. तो चांगला दिसत होता. ती केळ्याबद्दल लिहिणारी मुलगी वर्गात टाळ्या मिळाल्यावर अशीच दिसली असेल.

खोके तीनदा पडले आणि तीनदा रचले गेले. शेवटी पळपुटेसाहेब थांबले. इतका वेळ आपण बोलत होतो, हे त्यांच्या आत्ता ध्यानात आलं आणि ते एकदम संकोचले.

"फार झालं वाटतं," ते म्हणाले. "वर दिवसभर एकटाच असतो ना. वॉकीटॉकीवर फक्त 'उचल' आणि 'सोड'. घरी सांगायला गेलं तर बायको म्हणते, तुमची क्रेन तिथेच ठेवून येत जा. अकरा वर्षं झाली मला हे काम करून, पण हे कुणी विचारलंच नव्हतं."

डॉक्टरांनी वाकून टूथब्रश उचलला, पुन्हा वरच्या खोक्यावर आडवा ठेवला आणि विचारलं, "आणि इमारत पूर्ण झाली की हिला खाली कसं आणतात?"

पळपुटेसाहेबांनी घड्याळ पाहिलं. जेवणाची सुट्टी केव्हाच संपली होती. दोनदा खुर्चीतून पळालेला तो माणूस दारापर्यंत गेला, परत फिरला आणि सिस्टरच्या टेबलापाशी येऊन त्याने स्वतःहून पुढची वेळ मागितली. जरा लवकरची द्या म्हणाला, खाली आणायचं काम वर नेण्यापेक्षा अवघड असतं, सांगायला वेळ लागेल.

सिस्टरनी वही उघडली, मंगळवारच्या पानावर रेघ मारली आणि त्याच्या नावापुढे लिहिलं: दाढ वीस मिनिटं, डॉक्टर चाळीस मिनिटं. मग त्यांनी त्याची चप्पल काढून दिली.